मीटर चालू, काम बंद

बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसर, भवानीनगर, बेलवाडी या पट्ट्यात जेसीबी भाड्याने लावणाऱ्या शेतकऱ्याचे यंत्रमालकाशी वाजते ते बहुधा दरावरून नव्हे, तासावरून. दर आधीच ठरलेला असतो. शेततळे खोदणे, पाइपलाइनची चारी काढणे, कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या रानात निचऱ्याचे चर मारणे ही सगळी कामे तासावर चालतात आणि तास मोजतो तो यंत्रातला अवर मीटर. इंजिन सुरू झाले की हा मीटर पुढे सरकू लागतो. बकेट मातीत आहे की हवेत, ऑपरेटर खोदतो आहे की डंपरची वाट पाहत बसला आहे, हे त्याला कळत नाही. कळायचे कारणही नाही, कारण तो मुळात सर्व्हिसिंगची वेळ कळावी म्हणून बसवलेला असतो. ऑइल कधी बदलायचे ते सांगणाऱ्या उपकरणावर आपण लाखोंची बिले काढतो. यंत्र चालू असणे आणि यंत्राने काम करणे यांतला फरक सांगणारा याहून चांगला साक्षीदार कामाच्या जागी कायम हजर असतो, तो म्हणजे यंत्राचा आवाज. त्या साक्षीला बिलाच्या कागदात जागा मिळायला हवी, असे मला वाटते.

शेततळ्यावर हा प्रश्न काही हजारांचा असतो, महामार्गावर तो कोटींचा होतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यांतला संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा, अंदाजे खर्च ४,४०० कोटी रुपये. तुकोबांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते आणि सणसरला मुक्काम पडतो, तो हाच रस्ता. अशा कामाची अडचण ही की, इमारतीसारखे ते एका जागी नसते. पोकलेन एका गावात, मुरमाची खाण दुसऱ्या गावात, रोलर तिसरीकडे आणि या सगळ्यांना जोडणारे डंपर वाटेत कुठेतरी. आता एक साधा हिशेब मांडून पाहा. पोकलेनला एक डंपर भरायला ५ मिनिटे लागतात आणि भरणे, नेणे, ओतणे, परत येणे मिळून डंपरची एक फेरी ३० मिनिटांची आहे असे धरू. पोकलेन सतत कामात राहायचा तर ६ डंपर हवेत. ४ असतील तर दर अर्ध्या तासातली १० मिनिटे पोकलेन नुसता धडधडत उभा राहतो. ८ तासांच्या पाळीत ही बेरीज २ तास ४० मिनिटांची होते. मीटरवर मात्र पूर्ण ८ तास पडतात, डिझेल जळते आणि संध्याकाळच्या वहीत सगळे व्यवस्थित दिसते.

ही २ तास ४० मिनिटे आवाजात लपत नाहीत. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या डिझेल इंजिनात एका फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सुस्त चालले असेल तर सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, २,००० फेऱ्यांवर सुमारे ६७. म्हणजे आवाजाचा तळाचा स्वरच २७ हर्ट्झवरून ६७ हर्ट्झवर जातो. त्याच्या वर हायड्रॉलिक पंपाची शीळ असते. नऊ पिस्टनचा पंप २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ती ३०० हर्ट्झच्या आसपास ऐकू येते. बकेट मुरमात घुसली की इंजिन दबते, स्वर किंचित खाली बसतो, मग सावरतो. त्यातच बकेटचे दात दगडावर घासल्याचा करकराट, डंपरच्या हौद्यात पहिला ढीग पडताना होणारा दणका, ट्रॅकची खडखड आणि मागे येणाऱ्या डंपरचा पीं-पीं रिव्हर्स हॉर्न मिसळतो. ब्रेकरचे ठोके तर शेजारच्या शिवारातूनही मोजता येतात. गावातला जाणता मेकॅनिक आवाजावरून नोझल खराब झाल्याचे सांगतो आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून बेअरिंगची तक्रार ओळखतो. तेव्हा त्याचे कान याच स्वरांची विभागणी करत असतात. यंत्राला हे शिकवता येईल का, एवढाच प्रश्न उरतो.

येते, आणि त्याला काही वर्षे झाली. अमेरिकेत चिएह-फेंग चेंग, अब्बास रशिदी, मार्क डेव्हनपोर्ट आणि डेव्हिड अँडरसन यांनी २०१७ मध्ये ‘ऑटोमेशन इन कन्स्ट्रक्शन’ या नियतकालिकात आपली पद्धत मांडली. त्यांनी निरनिराळ्या बांधकामांवर चालणाऱ्या अवजड यंत्रांचे आवाज घेतले. पहिली पायरी आवाज गाळण्याची, म्हणजे वारा आणि सततची घरघर कमी करण्याची. दुसऱ्या पायरीत आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कुठल्या वारंवारितेवर किती जोर आहे याचा तक्ता बनवला जातो. आडवा काळ, उभा स्वर, असे ते चित्र. तिसऱ्या पायरीत सपोर्ट व्हेक्टर मशीन ही संगणकीय पद्धत त्या चित्रांची वर्गवारी करते. चौथी पायरी दिसायला किरकोळ, पण माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची आहे. एका सुट्या तुकड्यावर निकाल द्यायचा नाही, मागचे-पुढचे तुकडे एकत्र पाहूनच ठरवायचे. खोदणे, उचलणे, वळणे, ओतणे, परत येणे ही पोकलेनची पुन्हा पुन्हा येणारी चाल आहे आणि मध्यम आकाराच्या यंत्रात ती काही सेकंदांत, फार तर अर्ध्या मिनिटात पुरी होते. ऑपरेटरने नुसती रेस वाढवून ठेवली तर इंजिन जोरात वाजेल, पण ही चाल उमटणार नाही. म्हणून केवळ किती मोठा आवाज होतो ते पाहणारे उपकरण फसेल, चाल ऐकणारे सहसा फसणार नाही.

भारतात या विचाराचा एक जवळचा भाऊ प्रयोगशाळेबाहेर पडून कामाला लागला आहे. तेल कंपन्यांच्या जमिनीखालून जाणाऱ्या नळांवर कोणी जेसीबी चालवला तर अनर्थ होतो, चोरांनी भोक पाडले तर निराळा अनर्थ होतो. म्हणून नळाशेजारून गेलेल्या ऑप्टिकल फायबरमध्ये लेझरचे स्पंद सोडतात. जमीन हादरली की तंतूतून परत येणारा प्रकाश सूक्ष्म बदलतो आणि तो बदल किती अंतरावर झाला हेही कळते. इंडियन ऑइलसारख्या कंपनीने पाइपलाइन इंट्रूजन डिटेक्शन सिस्टिम या नावाने ही पद्धत आपल्या वाहिन्यांवर बसवली आहे. कुदळीने खणणे, यंत्राने खोदणे आणि वरून ट्रॅक्टर जाणे यांचे हादरे वेगळे, हेच तिचे मर्म. सुमात्राच्या जंगलात टोफर व्हाइट यांच्या रेनफॉरेस्ट कनेक्शन या संस्थेने तर जुने मोबाइल फोन झाडांवर टांगून करवतीचा आवाज टिपला आणि चोरटी तोड सुरू असतानाच राखणदारांना खबर पोचवली. भीमेच्या पात्रात, उजनीच्या फुगवट्यात वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खात्याने जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या इंदापूर तालुक्याला नव्या नाहीत. उपसा रात्री होतो आणि पथक पोचेपर्यंत पात्र रिकामे झालेले असते. जंगलात करवत ऐकू येते, तर काठावर डिझेल पंप ऐकू येणे अवघड नाही.

आवाजाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट डेसिबलवर जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात व शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे वापरण्यास मनाई आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मुंबईत मेट्रो ३ च्या कामाचा वाद २०१७ मध्ये उच्च न्यायालयात गेला आणि दक्षिण मुंबईतले रात्रीचे काम काही काळ थांबले, तो याच अंगाने. पण डेसिबलचा आकडा फक्त जोर सांगतो, आवाज कोणाचा ते सांगत नाही. घरापाशी ६२ डेसिबल भरले तर ते ब्रेकरमुळे की वरातीमुळे, यावर अर्ज-विनंत्यांची फाइल फुगत जाते. न्यूयॉर्कमध्ये तिथल्या विद्यापीठाने २०१६ पासून चालवलेल्या सॉनिक प्रकल्पाचे वेगळेपण इथेच आहे. शहरात लावलेल्या त्याच्या यंत्रणेने आवाज किती याबरोबरच आवाज कशाचा हेही ओळखावे, असा तो घाट होता. हे जमले तर कंत्राटदाराचा हिशेब आणि रहिवाशाची तक्रार एकाच नोंदीतून तपासता येते. म्हणून हे तंत्र मालकाच्या सोयीचे आहे, एवढ्यावरच त्याची बोळवण करू नये.

आता आक्षेप. पहिला असा की, नव्या जेसीबीत आणि पोकलेनमध्ये कंपनीनेच उपग्रहाशी व मोबाइलशी जोडलेली यंत्रणा दिलेली असते. ठिकाण, इंजिनाचे तास, डिझेल सारे मालकाला फोनवर दिसते, मग माइकची गरज काय? उत्तर ‘मालकाला’ या शब्दात आहे. रस्त्याच्या कामावर पाच मालकांची, पाच वयांची, तीन कंपन्यांची यंत्रे असतात आणि बरीचशी जुनी असतात. भाड्याने घेणाऱ्याला, देखरेखीच्या अभियंत्याला किंवा ग्रामपंचायतीला ती माहिती दिसतेच असे नाही. वॉटर कप स्पर्धेच्या आणि नाला खोलीकरणाच्या काळात अनेक गावांत यंत्र एकाचे, डिझेल दुसऱ्याचे आणि खड्डा तिसऱ्याचा असायचा. अशा ठिकाणी यंत्राच्या पोटात न शिरता बाहेरून मोजणारे साधन लागते. कॅमेरा तसाच आहे, पण त्याला मुरमाची धूळ, अंधार आणि मध्ये आलेला डंपर आडवा येतो. आवाज वळसा घालून येतो. एक माइक एकाच वेळी चार यंत्रांचे ऐकतो आणि दोन-तीन माइक लावले तर आवाज कुठे आधी पोचला यावरून जागाही कळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या ४० अंशांना ३५५. तपमानाचा हा फरक धरून हिशेब केला नाही, तर पोकलेन शेजारच्या उसात उभा असल्याचे दिसेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इथे शांतता आहे कुठे? भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस याच रस्त्याने जातात आणि त्यांचा टेप पुढच्या गावाला ऐकू जाईल इतका मोठा असतो. आषाढीच्या तोंडावर टाळ-मृदंग, लग्नसराईत डॉल्बी. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१४ मध्ये खुला केलेला अर्बनसाउंड८के हा ८,७३२ ध्वनिखंडांचा संच जगभर वापरला जातो. त्याच्या दहा प्रकारांत कुत्र्याचे भुंकणे आहे, जॅकहॅमर आहे, थांबलेल्या गाडीचे इंजिनही आहे, पण गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर अर्थातच नाही. तिकडच्या नमुन्यांवर शिकलेली प्रणाली सणसरच्या फाट्यावर गोंधळेल, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. मात्र गोंगाट म्हणजे अशक्यता नव्हे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३० मीटरवर ८० डेसिबल देणारे यंत्र ६० मीटरवर ७४ आणि १२० मीटरवर ६८ देते. माइक कामाच्या जवळ ठेवणे हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा स्थानिक नमुन्यांचा. फाटक्या सायलेन्सरचा जेसीबी, झिजलेल्या ट्रॅकचा पोकलेन, इथला डंपरचा हॉर्न हे सगळे शिकवताना दिले, तर ज्या जुनेपणामुळे यंत्रे गोंधळात टाकतात त्याच जुनेपणामुळे ती एकेकटी ओळखूही येतात. कोणी खोदाईचे रेकॉर्डिंग लावून माइकला फसवेल, ही शंकाही येणारच. छोट्या स्पीकरला ३० हर्ट्झचा घुमारा काढता येत नाही. डॉल्बीच्या भिंतीला येतो हे खरे, पण तिच्या जनरेटरचे डिझेल धरले तर खरोखर खोदणेच स्वस्त पडेल.

तिसरा आक्षेप माणसांचा आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहाटेपासून धुळीत बसणाऱ्या ऑपरेटरवर आणखी एक पहारा कशाला? नोंद ‘अमुक ऑपरेटर इतकी मिनिटे बसून होता’ अशा भाषेत काढली, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. पण वरचा डंपरांचा हिशेब पुन्हा पाहा. तिथली २ तास ४० मिनिटे ऑपरेटरने वाया घालवलेली नाहीत, दोन डंपर कमी लावणाऱ्याने घालवली आहेत. आज ठपका बसतो तो समोर दिसणाऱ्या माणसावर. डंपर आल्याचा रिव्हर्स हॉर्न आणि लगेच सुरू झालेली खोदाई, मग डंपर गेला आणि दहा मिनिटे सुस्त इंजिन, अशी नोंद हाती असेल तर ऑपरेटरच्या बाजूने बोलणारा तोच पहिला पुरावा ठरतो. म्हणून ही नोंद ऑपरेटरला आणि यंत्रमालकालाही त्याच दिवशी पाहता आली पाहिजे. ही अट मी तंत्राच्या अचूकतेपेक्षा वरची मानतो.

त्याला लागूनच बोलण्याचा प्रश्न येतो. माइक यंत्र ऐकतो तसे चहाच्या वेळच्या गप्पाही ऐकतो. सोपे उत्तर असे दिले जाते की, माणसाचे शब्द कळायला लागणारा पट्टा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा आहे, तेव्हा त्याखालचे तेवढे ठेवा. या उत्तरात खोट आहे. इंजिन आणि रोलर त्यात सापडतील, पण हजार-बाराशे हर्ट्झवर वाजणारा रिव्हर्स हॉर्न आणि बकेटचा करकराट शब्दांबरोबरच गाळला जाईल. बरा मार्ग दुसरा आहे. आवाज साठवायचाच नाही. १६,००० नमुने दर सेकंदाला, प्रत्येकी दोन बाइट, या दराने दिवसाचे रेकॉर्डिंग पावणेतीन जीबीच्या पुढे जाते आणि ते बाहेर पाठवायला खर्चही येतो. त्याऐवजी माइकच्या डबीतल्याच छोट्या संगणकाने दर सेकंदाला ‘खोदतो’, ‘उभा’, ‘चालतो’, ‘बंद’ यांपैकी एक शेरा लिहावा आणि आवाज तिथल्या तिथे पुसून टाकावा. दिवसाचे ८६,४०० शेरे अगदी साध्या मोबाइल जोडणीवरूनही जातात, आणि त्यांतून कोणाचेही बोलणे परत उभे करता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर रेकॉर्डिंग साठवून ठेवणारा स्वतःवर नसती जबाबदारी ओढवून घेईल.

या सगळ्यात एक मर्यादा मात्र शिल्लक राहतेच, आणि ती विकणारे सांगत नाहीत. आवाज यंत्राच्या श्रमाची साक्ष देतो, कामाच्या दर्जाची नाही. रोलर तासभर थरथरला हे माइक सांगेल. काळ्या मातीवर टाकलेला मुरूम नीट दबला का, हे सांगणार नाही. त्यासाठी १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली वेगळी युक्ती आहे. रोलरच्या ड्रमवरच कंपनमापक बसवतात. जमीन मऊ असते तोवर ड्रम एका मूळ वारंवारितेने हलतो, ती टणक होऊ लागली की तो उसळू लागतो आणि दुप्पट वारंवारितेचा अंश वाढतो. या दोहोंच्या गुणोत्तरावरून दबाईचा अंदाज येतो. भारी काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्याला हे तपासणे माइकपेक्षा जास्त गरजेचे आहे, कारण तिथे पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन वरच्या थराला स्वस्थ बसू देत नाही. तेव्हा मोजणीपुस्तकातले घनमीटर आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांना आवाज पर्याय नाही. त्याची जागा अवर मीटरची आहे. तिथे मात्र तो मीटरपेक्षा नक्कीच सरस आहे.

सुरुवात करायला मोठ्या निधीची गरज नाही. कमतरता आहे ती इथल्या यंत्रांच्या, नाव-प्रकार नोंदवलेल्या आवाजांची. बारामतीत आणि इंदापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुले दरवर्षी असतात. त्यांनी ऑपरेटरची परवानगी घेऊन जेसीबी, पोकलेन, ग्रेडर, रोलर, ब्रेकर यांचे खोदतानाचे, चालतानाचे आणि नुसते उभे असतानाचे आवाज घ्यावेत. प्रत्येकाबरोबर अंतर, यंत्राचे वय आणि आजूबाजूला काय वाजत होते तेही लिहावे. गाळप हंगामातले नमुने मुद्दाम वेगळे घ्यावेत आणि सगळा संच कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवावा. तोपर्यंत जेसीबी लावणाऱ्याने निदान एवढे करावे: मीटरचा आकडा लिहिताना त्याच्या शेजारी भरून गेलेल्या डंपरांची संख्याही लिहावी.